लोह जातंय कुठे? मेंदूतल्या गुठळीमागे सीलिएक असतो तेव्हा

प्रश्न असा आहे. बहीण २९ वर्षांची, एक मूल आहे. जूनमध्ये बारा-तेरा दिवस डोकं दुखत राहिलं. पित्त समजून गोळ्या घेतल्या. मग उलट्या सुरू झाल्या आणि एका पहाटे फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. नऊ दिवस रुग्णालयात राहून ती चालत घरी आली. हिमोग्लोबिन कायम आठ-नऊच का राहतं म्हणून पुढे तपासण्या झाल्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं, 'सीलिएक आहे, गहू आयुष्यभर बंद.' तिला कधी जुलाब झाले नाहीत, पोट दुखलं नाही. भाऊ विचारतो: गव्हाचा मेंदूतल्या गुठळीशी काय संबंध? निदान चुकलं तर नाही ना? आणि आता गहू बंद केलाच आहे, तर रक्त पातळ करणारी गोळी थांबवता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे उशीर किंवा घाई दोन्ही जिवावर बेतू शकतं. गोळी स्वतःहून थांबवू नका. एक दिवसही नको. गहू आज बंद केला म्हणून रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती उद्या जात नाही. आतड्याचं अस्तर भरून यायला महिने लागतात, मोठ्या माणसांत कधी कधी दोन-तीन वर्षं. तोवर गोळी किती काळ घ्यायची हे तिचे मेंदूविकारतज्ज्ञच ठरवतील. ते कसं ठरतं, हे खाली सांगते.

संबंधाचं म्हणाल तर तो खरा आहे. दुर्मीळ आहे, पण खरा आहे. तुम्ही वर्णन केलेलं चित्र, म्हणजे तरुण बाई, शिरेतली गुठळी, पोटाची एकही तक्रार नाही आणि लोहाच्या गोळ्यांना न जुमानणारा रक्तक्षय, हे मी माझ्या बावीस वर्षांच्या कामात पाहिलेलं आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते ओळखता आलं नव्हतं. त्याबद्दलही लिहिते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

आधी गुठळी कुठली ते नीट समजून घ्या. लोक 'मेंदूत गुठळी' ऐकलं की लकव्याचा झटका समजतात. तो बहुधा धमनीतला असतो. मेंदूकडे रक्त नेणारी नळी बंद पडते, क्षणात हात-पाय लुळे पडतात, आणि हे जास्त करून वय झालेल्या, रक्तदाब-मधुमेह असलेल्या माणसांत होतं. तुमच्या बहिणीला झाली ती परतीच्या वाटेवरची गुठळी. मेंदूतलं वापरलेलं रक्त कवटीच्या आतून जाणाऱ्या मोठ्या शिरांमध्ये जमतं. सगळ्यांत मोठी शीर कपाळापासून मागे, अगदी भांग पाडतो त्या रेषेखालून जाते, मग कानांमागून वळून मानेत उतरते. ही वाट तुंबली की मोरीचा पाइप तुंबल्यासारखं होतं. पाणी मागे चढत जातं, दाब वाढत जातो. मेंदूभोवतीचं पाणीसुद्धा याच शिरांमध्ये उतरत असल्याने तेही साचतं. म्हणून सुरुवात झटक्याने न होता डोकेदुखीने होते. दिवसेंदिवस वाढणारी, पहाटे जास्त, आडवं झाल्यावर, खोकल्यावर, वाकल्यावर जास्त. मग उलट्या, अंधुक दिसणं, एकाला दोन दिसणं. फिट येणं यात फार सामान्य आहे, दहांतल्या चार जणांना येते. साधा सीटी स्कॅन यात पुष्कळदा निर्दोष येतो. शिरांचा वेगळा फोटो, ज्याला एमआर व्हेनोग्राम किंवा सीटी व्हेनोग्राम म्हणतात, तो काढला तरच गुठळी पक्की दिसते. बारा दिवस पित्ताच्या गोळ्या घेतल्या म्हणून स्वतःला दोष देऊ नका. हा आजार बहुतेकांच्या घरी असाच शिरतो.

रुग्णालयात तुम्हाला आणखी एक गोष्ट खटकली असेल, सगळ्यांनाच खटकते. एमआरआयच्या रिपोर्टात 'थोडा रक्तस्राव' लिहिलेलं असतं आणि डॉक्टर रक्त पातळ करणारी इंजेक्शनं पोटावर टोचत असतात. हे उलटं वाटतं. पण तो रक्तस्राव तुंबलेल्या दाबामुळे झालेला असतो. पुढची वाट मोकळी केल्याशिवाय तो थांबत नाही. १९९१ मध्ये जर्मनीत अवघ्या २० रुग्णांवर झालेल्या चाचणीत हिपॅरिन (हेच रक्त पातळ करणारं इंजेक्शन) मिळालेल्यांची प्रकृती इतकी स्पष्टपणे सुधारली की चाचणी आधीच थांबवण्यात आली. तेव्हापासून जगभर हीच पद्धत आहे. २००४ मध्ये ६२४ रुग्णांचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाचांतले जवळजवळ चार जण पुढे आपापल्या कामाला लागण्याइतके बरे झाले होते. तुमची बहीण चालत घरी आली, हे त्याला धरूनच आहे.

आता माझ्या त्या रुग्णाबद्दल. बारा-तेरा वर्षं झाली. २६ वर्षांची अंगणवाडी सेविका. गौरी घरी येणार, पाळी मध्येच येऊ नये म्हणून तिने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून आठ-दहा दिवस घेतल्या होत्या. विसर्जनानंतर चौथ्या दिवशी ती फिटा येत असताना आमच्याकडे आली. गुठळी भांगाखालच्या मोठ्या शिरेत होती. हिमोग्लोबिन ६.९. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, सहा लाखांच्या वर, म्हणजे जास्तच. मला कारण मिळालं होतं: पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. आणि ते कारण खोटंही नव्हतं. या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो, आमच्याकडे गणपती-गौरी, नवरात्र, लग्नसराईत अशा मुली येतात, आणि कुणी ही गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये असं मी प्रत्येकीला सांगत असते. रक्तक्षयाबद्दल मी डिस्चार्ज कार्डावर लिहिलं, 'पोषणातील कमतरता'. लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाजी-गूळ-खजूर खा म्हटलं. सहा महिन्यांनी रक्त पातळ करणारं औषध बंद केलं.

दीड वर्षाने ती डावा पाय सुजून परत आली. पायाच्या खोलवरच्या शिरेत गुठळी. या वेळी कुठल्याही हार्मोनच्या गोळ्या नव्हत्या. हिमोग्लोबिन ७.४. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, लोहाच्या गोळ्या घेतल्या नाहीस ना? तिने पिशवीतून रिकाम्या पट्ट्या काढल्या. रबर लावून जपून ठेवलेल्या, महिन्यांमागून महिन्यांच्या. मी गप्प झाले. माझ्यासोबत राउंडला असलेल्या निवासी डॉक्टर मुलीने तेव्हा हळूच विचारलं, "मॅडम, मग हिचं लोह जातंय कुठे?"

लोह पोटात जात होतं, रक्तात येत नव्हतं. टीटीजी-आयजीए ही सीलिएकची रक्तचाचणी केली, ती मर्यादेच्या दहापटीहून अधिक आली. दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले तुकडे घेतले. निरोगी आतड्याचं अस्तर जाड टॉवेलसारखं असतं, बारीक बारीक दोरे उभे असलेलं. तिचं फरशीसारखं सपाट झालं होतं.

सीलिएकमध्ये काय होतं ते एवढ्यावरून लक्षात येईल. गहू, सातू (जव) आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला ताण देतं ते हेच. काही माणसांची प्रतिकारशक्ती जन्मजात घडणीमुळे त्याला शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्याचं अस्तर झिजवून टाकते. ही ॲलर्जी नव्हे, चपाती खाल्ल्यावर अंगावर पित्त उठत नाही. म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. गव्हाशी याचं नातं नेदरलँड्समधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला, पण आजारी मुलं उलट सुधारली. त्यावरचा त्यांचा प्रबंध १९५० चा.

झीज सर्वांत जास्त आतड्याच्या सुरुवातीच्या भागात होते, आणि नेमकं तिथेच लोह आणि फॉलिक ॲसिड शोषलं जातं. इथून गुठळीकडे जाणारी वाट सुरू होते. ती एक वाट नाही, तीन-चार पाऊलवाटा आहेत आणि एकाच माणसात त्या एकत्र येतात.

सगळ्यांत स्पष्ट वाट होमोसिस्टीनची. हा प्रत्येकाच्या शरीरात तयार होणारा पदार्थ आहे. फॉलिक ॲसिड, बी१२ आणि बी६ या जीवनसत्त्वांच्या मदतीने शरीर त्याची विल्हेवाट लावतं. ती कमी पडली की होमोसिस्टीन रक्तात साचतं, रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खरवडल्यासारखं होतं आणि रक्त तिथे गोठायला बघतं. रिपोर्टात हा आकडा साधारण १५ च्या आत असावा लागतो. मी सीलिएकच्या रुग्णांत तो चाळीस-पन्नास पाहिला आहे. आपल्याकडे यात शाकाहाराची भर पडते. बी१२ मुळातच काठावर असतं, त्यात फॉलिक ॲसिडही शोषलं जात नाही.

दुसरी वाट लोहाची. लोह फार कमी झालं की शरीर प्लेटलेट जास्त बनवू लागतं. तांबड्या पेशीही ताठर होतात, बारीक वाहिन्यांतून वाकून जात नाहीत. 'रक्त कमी' असलेल्या बाईचं रक्त घट्ट कसं होईल, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नातेवाईक विचारतो. रक्त कमी म्हणजे हिमोग्लोबिन कमी. गोठण्याची ताकद त्याने कमी होत नाही, कित्येकदा वाढते. मेंदूच्या शिरेतल्या गुठळीच्या कारणांत रक्तक्षय आता मान्य झालेला आहे. सीलिएकमध्ये काही जणांची प्लीहा लहान होते, त्यानेही प्लेटलेट वाढतात. (अशा रुग्णांना न्यूमोनियाची लस द्यावी लागते, तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.)

तिसरी वाट के जीवनसत्त्वाची, आणि ती दुधारी आहे. हे जीवनसत्त्व शोषलं गेलं नाही तर बहुधा रक्तस्राव होतो. पण रक्त गोठू न देणारी प्रोटीन सी आणि प्रोटीन एस ही प्रथिनंही त्याच्याच जिवावर बनतात. ती खाली गेली तर तोल गोठण्याकडे झुकू शकतो. याशिवाय सीलिएक हा स्वप्रतिकारी आजार असल्याने त्याच्या सोबतीला कधी कधी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं सापडतात, ती तर थेट गुठळ्याच करतात. आणि आतड्यात सतत धुमसणारा दाह रक्ताला गोठायला एरवीही प्रोत्साहन देतोच. स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदींवर झालेल्या अभ्यासात सीलिएकच्या रुग्णांना शिरांमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीच्या जवळ दिसलं.

हे वाचून घाबरू नका. मूळ धोकाच इतका लहान आहे की दुप्पट होऊनही लहानच राहतो. मेंदूच्या शिरेतली गुठळी नेदरलँड्समध्ये वर्षाला दर दहा लाख प्रौढांत तेराजणांना होते असं मोजलं गेलं आहे. सीलिएक असलेल्या बहुतेक माणसांना जन्मात एकही गुठळी होत नाही. म्हणूनच मी असं कधी म्हणत नाही की 'गव्हाने गुठळी केली'. सीलिएकने जमीन भुसभुशीत केलेली असते. वरून काहीतरी पडतं: हार्मोनच्या गोळ्या, बाळंतपण, मे महिन्यातल्या जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी होणं. माझ्या अंगणवाडी सेविकेच्या बाबतीत गोळ्यांनी शेवटचा धक्का दिला होता. मी धक्का पाहिला, जमीन पाहिली नाही. म्हणून तुमच्या बहिणीच्या बाबतीतही सीलिएक सापडला म्हणजे शोध संपला असं नाही. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रोम्बिन, अँटिफॉस्फोलिपिड, होमोसिस्टीन या तपासण्या झाल्या आहेत का ते फाइलमध्ये बघा. ताज्या गुठळीत आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना यातल्या काहींचे आकडे फसवे येतात, म्हणून त्या योग्य वेळी पुन्हा कराव्या लागतात. अँटिफॉस्फोलिपिड तर बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा सकारात्मक आली तरच धरतात.

निदान चुकलं आहे का? तुम्ही रिपोर्ट पाठवलेले नाहीत, तेव्हा दोन गोष्टी तुम्हीच तपासा. टीटीजी-आयजीए किती आली, आणि आतड्याचा तुकडा तपासला का. दोन्ही गोष्टी बहीण रोज चपाती खात असताना झालेल्या असल्या पाहिजेत. हा मुद्दा मी परत परत सांगते. कुणीतरी 'गहू सोडून बघ' म्हणतं, महिना-दोन महिने गहू बंद होतो, बरं वाटू लागतं आणि मग तपासणी होते. तोवर प्रतिपिंडं उतरू लागतात, अस्तर भरू लागतं, आणि खरा आजार असूनही रिपोर्ट धूसर येतो. ज्यांच्या शरीरात आयजीए (एका प्रकारची प्रतिपिंडं) हेच मुळात कमी असतं त्यांचीही ही चाचणी खोटी नकारात्मक येते, म्हणून एकूण आयजीए सोबत मोजतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना तुकडा घेता येत नाही, हा गैरसमज आहे. आयएनआर (रक्त किती पातळ झालं आहे हे सांगणारा आकडा) मर्यादेत असेल तर बहुधा घेता येतो, दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं असतं. अस्तर सपाट होण्याची दुसरीही कारणं आपल्या देशात असतात, काही जंतुसंसर्ग, ट्रॉपिकल स्प्रू नावाचा आतड्याचा आजार. म्हणून रक्त आणि तुकडा दोन्ही जुळले की निदान पक्कं.

जुलाब नाहीत म्हणून सीलिएक नाही, हे मात्र डोक्यातून काढून टाका. मोठ्या माणसांत हा आजार पुष्कळदा पोटाबाहेर दिसतो. न वाढणारं हिमोग्लोबिन, तोंडात वारंवार फोड, ठिसूळ हाडं, वारंवार गर्भपात, कारण न सापडणारे वाढलेले लिव्हरचे आकडे. आपल्याकडे दुसरी अडचण अशी की हा पंजाब-हरियाणाचा आजार समजला जातो. उत्तरेत तो शंभरात एकाला आढळतो आणि दक्षिणेत त्याहून पुष्कळ कमी, हे खरं आहे. पण माझ्या आजीच्या सोलापूरकडच्या घरात पोळी सणावारी होत असे, रोजची भाकरी ज्वारीची. आज त्याच घरात सकाळी टोस्ट, डब्यात चपाती, संध्याकाळी चहाबरोबर खारी आणि रात्री परत चपाती. आजार अंगात लपून राहायला आता जागा उरलेली नाही.

गोळीबद्दल. गुठळीमागे तात्पुरतं कारण असेल तर रक्त पातळ करणारं औषध साधारण तीन ते सहा महिने, कारण सापडलं नाही तर सहा ते बारा महिने, आणि गुठळी पुन्हा झाली किंवा अँटिफॉस्फोलिपिडसारखा जोरदार दोष निघाला तर बहुधा आयुष्यभर. सीलिएक कारणांपैकी एक असेल तर मी स्वतः तीन गोष्टी एकत्र बघते: होमोसिस्टीन, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट जागेवर आले का, टीटीजी खाली उतरते आहे का, आणि व्हेनोग्राममध्ये शीर कितपत मोकळी झाली. फक्त कॅलेंडर बघून मी औषध बंद करत नाही. एकदा केलं होतं.

रक्त पातळ करणारी गोळी वॉरफरिन असेल तर एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. गहू बंद झाल्यावर आतडं सुधारू लागतं आणि के जीवनसत्त्व चांगलं शोषलं जाऊ लागतं. मग कालपर्यंत पुरणारा डोस अपुरा पडतो, आयएनआर दोनच्या खाली घसरतो. घरचे म्हणतात, गोळी तर एकही चुकली नाही. खरंच चुकलेली नसते. म्हणून पहिले पाच-सहा महिने आयएनआर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. नवीन प्रकारच्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण आतडं खराब असताना त्या नीट शोषल्या जातात की नाही हे तिथे मोजून कळत नाही. अँटिफॉस्फोलिपिडच्या आजारात तर त्या टाळतात. फिटेचं औषध कोणतं आहे तेही बघा. फेनिटॉइन असेल तर ते फॉलिक ॲसिड आणखी कमी करतं आणि वॉरफरिनशी भांडतं, दुसरा पर्याय चालेल का ते विचारा. डोळ्यांच्या मागच्या पडद्याची तपासणी राहून गेली असेल तर करून घ्या, दाबाने नजर हळूहळू जाते आणि रुग्णाला उशिरा कळते.

फॉलिक ॲसिड, बी१२ आणि लोह भरून काढणं हा उपचाराचा अर्धा भाग आहे. आतडं सपाट असेपर्यंत लोह शिरेतून द्यावं लागू शकतं. माझ्या त्या रुग्णाचं हिमोग्लोबिन गहू बंद झाल्यावर दहा महिन्यांत ११.८ झालं.

झालं, पण सहज नाही. आठव्या महिन्यात तिची टीटीजी थोडी उतरून तिथेच अडली होती. घरात चपाती बंद, पाव बंद, बिस्किट बंद. तिच्या सासूबाईंना मी म्हटलं, स्वयंपाकघरातलं सगळं एकदा घेऊन या. त्या खरंच आल्या, कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. मेतकुटाची बरणी, थालीपीठाची भाजणी, मसाल्याची पाकिटं, हिंगाची डबी. मेतकुटात मूठभर गहू भाजून घातले होते, घरोघरी घालतात. भाजणीतही होते. हिंगाची डबी मी भिंग घेऊन वाचली. घटकांच्या यादीत पहिलं नाव हिंगाचं नव्हतं, गव्हाच्या पिठाचं होतं. बाजारातला बांधानी हिंग बहुधा पिठात किंवा डिंकात मळलेलाच असतो. सासूबाई डबी हातात घेऊन म्हणाल्या, "म्हणजे मी रोज फोडणीत घालत होते?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना सांगितलं की चिमटीतल्या हिंगाने एवढं होत नाही, मोठं कारण वेगळं असणार. ते दळणात निघालं. ज्वारी ज्या गिरणीत जायची तिथे आधी दिवसभर गहू दळला जायचा. जात्याच्या पाळीत अडकलेलं पीठ पुढच्या माणसाच्या पिठात उतरतं. त्यांची भाकरी ज्वारीची होती, पण ग्लुटेनमुक्त नव्हती.

म्हणून तुमच्या घरी सगळ्यात आधी दळणाची सोय करा. घरघंटी घेणं परवडत असेल तर फार उत्तम, पण मग तिच्यात गहू अजिबात नको. नाहीतर धान्य निवडून-धुऊन-वाळवून गिरणीवाल्याला सकाळी गिरणी झाडून पहिलं दळण द्यायला सांगा, आणि पहिलं किलोभर पीठ घरातल्या बाकीच्यांसाठी बाजूला काढा. हा तोडगा घरघंटीइतका पक्का नाही. परात, पोळपाट-लाटणं, तवा, पिठाचा डबा बहिणीचे वेगळे. रवा, मैदा, शेवया, लापशी, कुरडया, माल्ट घातलेली दुधातली पावडर, सातूचं पीठ, हे सगळं बंद. खपली गहू 'पचायला हलका' म्हणून हल्ली जोरात विकला जातो. तो गहूच आहे, सीलिएकला चालत नाही. ओट्स सुरुवातीला नकोच. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहिलेलं असेल तर कायद्याने त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं लागतं, ते बघून घ्या.

आणि जे उरतं ते थोडं नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सगळ्या डाळी, बेसन. आपल्या उपासाच्या आणि भाकरीच्या स्वयंपाकात गव्हावाचून जेवायची पूर्ण तयारी आधीपासून आहे. अडतं ते दुसऱ्याच्या घरी. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, इथे बायका हमखास मोडतात. 'एवढ्याशाने काय होतं' असं कुणी म्हणालं तर तिच्या वतीने तुम्ही बोला. नव्या सुनेला स्वतःसाठी बोलणं जड जातं, भावाला नाही.

दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. वॉरफरिन पहिल्या तिमाहीत बाळाला घातक आहे, गरोदरपणात त्याऐवजी पोटावरची इंजेक्शनं देतात आणि ती बाळंतपणानंतरही सहा आठवडे चालू ठेवतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तिला कायमच्या वर्ज्य, तांबी चालते. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत तुमच्या घरात असेल तर ती मोडा. मेथीच्या लाडवात कणीक असते, तिच्यासाठी ते नाचणीच्या पिठाचे करा.

तुम्ही स्वतःबद्दल काही लिहिलेलं नाही. सीलिएकच्या रुग्णाच्या आई-वडील, भावंडं आणि मुलांपैकी शंभरात सात-आठ जणांना हाच आजार असतो, भावंडांत थोडा जास्त, आणि त्यांनाही पुष्कळदा काहीच होत नसतं. तुमची, आई-वडिलांची आणि तिच्या मुलाची टीटीजी-आयजीए करून घ्या. बहिणीसाठी घरात गहू आणणं तुम्ही एव्हाना बंद केलं असेल, तर थांबा. आधी तपासणीसाठी रक्त द्या.